छातीचा फोटो: चांदा ते भामरागड

चंद्रपूर शहराला लागून दुर्गापूरला महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या औष्णिक वीज केंद्रांपैकी एक आहे. ऐंशीच्या दशकात त्याचे संच एकेक करत सुरू झाले, जमिनीखालचा कोळसा वर येऊन जळू लागला आणि वीज तारांवरून पश्चिमेकडे निघाली. त्याच्या दहा वर्षं आधी, २३ डिसेंबर १९७३ रोजी, याच जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला हेमलकशात बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे ना वीज होती ना बारमाही रस्ता. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे कंदिलाच्या उजेडात जखमा शिवत होते. २६ ऑगस्ट १९८२ला जिल्ह्याचे दोन भाग झाले. खाणी आणि वीज केंद्र चंद्रपूरकडे राहिलं, वैनगंगेपलीकडचं बहुतेक रान गडचिरोलीला गेलं.

एक्स-रे यंत्राला रोगी नंतर लागतो, आधी वीज लागते. निर्वात नळीच्या एका टोकाची तार तापवायची, तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन साठ-सत्तर हजार व्होल्टच्या जोरावर समोरच्या टंगस्टनवर आदळायचे, तेव्हा कुठे क्ष-किरण निघतात. व्होल्टेज पडलं की किरणांचा दमही जातो आणि फिल्म फिकट येते. व्युर्ट्सबुर्गला रॉन्टगेनला हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ला सापडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७-९८च्या तिराह मोहिमेत, बीव्हर नावाच्या इंग्रज लष्करी सर्जनने वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत असं यंत्र नेऊन सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. फौजेच्या मनात आलं तर यंत्र डोंगरही चढतं. माडिया आदिवासी माणसाच्या मोडक्या पायासाठी ते पुढची पाऊणशे वर्षं इंद्रावतीच्या काठी आलं नव्हतं, एवढंच.

पण या दोन जिल्ह्यांतली एक्स-रेची गोष्ट निव्वळ अभावाची नाही. इथे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: या रोगासाठी फोटो काढायचाच का, आणि काढायचा तर कोणता? मोठ्या फिल्मवर, छोट्या फिल्मवर, पडद्यावर हलता, की सीटी स्कॅनचा? आणि दर वेळी उत्तर निराळं निघालं.

कोळशापासून सुरुवात करू. एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला सरकारी खाण निघाली आणि वर्ध्याहून रेल्वे तिथवर आली ती कोळशासाठीच. पुढे बल्लारपूर, घुग्घूस, माजरी, दुर्गापूर अशी खाणींची रांग लागली. १९७३ला राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ला वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. खाणकामगार हा जिल्ह्यातला असा माणूस, की ज्याचा छातीचा फोटो तो धडधाकट असतानाच निघतो. १९५२च्या खाण कायद्याखालच्या नियमांप्रमाणे कामावर घेताना तपासणी, आणि पुढे फार तर पाच-पाच वर्षांच्या अंतराने पुन्हा. कारण कोळशाची बारीक धूळ फुप्फुसात बसते तेव्हा माणसाला काही जाणवत नाही. दम लागायला लागतो तोवर दहा-पंधरा वर्षं उलटलेली असतात. थुंकी तपासून ही धूळ सापडत नाही, आणि रक्त तपासूनही नाही. इथे फोटोला पर्याय नाही.

आणि फोटो कसलाही चालत नाही. चौदा बाय सतरा इंची फिल्म, माणूस छाती कॅसेटला टेकवून उभा, खांदे पुढे ओढलेले म्हणजे खांद्याची हाडं फुप्फुसावरून बाजूला सरकतात, नळी मागे सहा फुटांवर. सहा फूट अशासाठी, की नळी जवळ आणली तर हृदयाची सावली उगाच फुगते. मग दीर्घ श्वास, ‘रोखा’, आणि क्षणभराचा आवाज. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने या धुळीच्या फोटोंसाठी नमुन्याच्या फिल्मचा एक संचच बनवला आहे. कामगाराची फिल्म नमुन्याशेजारी लावून ठिपके जुळवायचे. दीड मिलिमीटरपर्यंतचे गोल ठिपके ‘पी’, तीनपर्यंतचे ‘क्यू’, दहापर्यंतचे ‘आर’. ते किती दाट आहेत याच्या शून्य ते तीन अशा चार पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांच्या पोटात बारा. यातली एखादी पायरी वर की खाली, यावर पुढे कामगाराची नुकसानभरपाई अवलंबून असते. त्यामुळे या फिल्मकडे डॉक्टर बघतो तसा वकीलही बघतो.

दीड मिलिमीटरचा ठिपका दिसायचा तर फिल्म धुणाराही पक्का हवा. आता डार्करूम इतिहासजमा झाली, म्हणून ती जरा नीट सांगतो. लाल दिव्याची खोली. कॅसेटमधून फिल्म काढून स्टीलच्या हँगरला चार कोपऱ्यांत अडकवायची, डेव्हलपरच्या टाकीत सोडायची, पाण्यात खळबळायची, मग फिक्सरमध्ये, मग वाहत्या पाण्याखाली, मग दोरीवर. डेव्हलपर वीस अंशाला, पाच मिनिटं, असा पुस्तकातला नियम. चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. तापलेल्या डेव्हलपरमध्ये फिल्म काळवंडते आणि तिच्यावरचा जिलेटिनचा थर सुटून चुणतो. अशा गावात टाकीभोवतीच्या पाण्यात बर्फाच्या लाद्या सोडाव्या लागतात. म्हणजे छातीच्या फोटोआधी बर्फाच्या कारखान्याशी गाठ. पावसाळ्यात उलट तऱ्हा, फिल्म सुकतच नाही. ‘ओली आहे, उद्या या’ हे वाक्य ज्या रोग्याने ऐकलं, तो साठ किलोमीटरवरच्या पाड्यातून आलेला असेल तर त्याच्यासाठी ‘उद्या’ म्हणजे सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यातली एक रात्र. मोठा फोटो अचूक असतो, आणि महाग पडतो तो असा.

म्हणूनच क्षयरोगाची लढाई सुरू झाली तेव्हा साऱ्यांचा डोळा छोट्या फोटोवर होता. ब्राझीलच्या मानुएल द अब्रेऊने १९३६मध्ये रिओत एक साधी युक्ती काढली. किरण फिल्मवर पाडायचेच नाहीत. ते चमकणाऱ्या पडद्यावर पाडायचे आणि त्या पडद्याचा कॅमेऱ्याने छोटा फोटो घ्यायचा. फिल्म रिळाची, खर्च नाममात्र, एका दिवसात शेकडो छात्या. हॉलंडच्या ओडेल्का कॅमेऱ्याने यात आरसा वापरून चित्र बरंच सुधारलं. सत्तर मिलिमीटरची ती फिल्म भिंगाखाली वाचायची. अब्रेऊच्या युक्तीला दोन खोटी होत्या. बारीक ठिपके पुसट होत, म्हणजे खाणकामगारासाठी ती कुचकामी. आणि पडद्याचा उजेड कॅमेऱ्यापर्यंत पोचताना इतका वाया जाई, की तेवढ्या चित्रासाठी माणसाच्या अंगावर मोठ्या फिल्मपेक्षा कितीतरी जास्त किरण सोडावे लागत. फोटो लहान आणि मात्रा मोठी!

भारतात १९५५ ते ५८ या काळात वैद्यकीय संशोधन परिषदेने देशाच्या सहा विभागांत हे छोटे फोटो काढत मोठी पाहणी केली. तोवर विद्वानांची समजूत अशी, की क्षय हा गिरणगावाचा, चाळींचा, धुराचा रोग. मोकळ्या हवेतला खेडूत त्यातून सुटलेला. पाहणीने ती समजूत मोडून काढली. खेड्यात क्षय शहराइतकाच होता. म्हणजे फोटोने पहिलं काम चोख केलं, रोग कुठे आहे ते दाखवलं. पण मग पुढचा प्रश्न उभा राहिला. पाच लाखांवर खेड्यांत एक्स-रेच्या गाड्या फिरवायच्या? ज्या गावांना रस्ता नाही तिथे? चांद्यासारख्या जिल्ह्यात, जिथे पावसाळ्यात तालुकेच्या तालुके नद्यांनी तोडले जात, तिथे?

उत्तर बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत तयार झालं. १९५९ साली ही संस्था निघाली. तिथले समाजशास्त्राकडे कल असलेले डॉ. देबबर बॅनर्जी आणि डेन्मार्कचे स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात जाऊन एक बिनखर्चिक गोष्ट केली: रोग्यांना विचारलं. फोटो आणि थुंकीतून ज्यांना क्षय असल्याचं ठरलं होतं, त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला काहीतरी झालंय हे ठाऊक होतं, आणि निम्म्याहून जास्त लोक तर आधीच कुठल्या ना कुठल्या सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथून त्यांना खोकल्याचं औषध देऊन वाटेला लावलं होतं. १९६३मध्ये हे छापून आलं. खेडूत अडाणी आहे, त्याला शोधत गाडी न्यावी लागते, हा सरकारी समज यात आडवा झाला. रोगी दाराशी येऊन गेला होता, दारातल्या माणसाने त्याची थुंकी तपासली नव्हती. माझ्या मते स्वतंत्र भारतातल्या आरोग्यविषयक संशोधनात याच्या तोडीचे निबंध फार थोडे असतील.

निबंध छापून यायच्या आधीच, १९६२मध्ये, राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम या विचारावर बेतला गेला. जिल्ह्याच्या ठिकाणी एक क्षयरोग केंद्र आणि तिथे ओडेल्काचं यंत्र. खाली प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक आणि थुंकीच्या काचा. फोटोविषयी शंका घ्यायला आणखी एक कारण होतं. अमेरिकेत चाळीसच्या दशकात येरुशाल्मी नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने दाखवलं होतं, की छातीच्या त्याच फोटोवर दोन तज्ज्ञांचं मत वरचेवर जुळत नाही. आणि तोच फोटो त्याच तज्ज्ञाला काही महिन्यांनी पुन्हा दिला तर त्याचं स्वतःशीही जुळत नाही. डाग क्षयाचा की जुन्या न्यूमोनियाचा, हे सावली सांगत नाही. थुंकीतला जंतू मात्र असतो किंवा नसतो. १९७४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही सरसकट फोटो काढत फिरणं थांबवा असं सुचवलं. १९९७मध्ये सुधारित कार्यक्रम देशभर सुरू झाला, तेव्हा तर फोटो पार मागच्या बाकावर गेला.

इकडे हेमलकशात हा वादच नव्हता, कारण यंत्रच नव्हतं. अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस खांद्यावरून यायचा, झाडावरून पडलेला यायचा. मोडलेलं हाड हातानेच ओळखायचं. दुखतं कुठे, सूज कुठे, अवयव वाकडा की आखूड, आणि बोटांखाली हाडाची टोकं एकमेकांवर घासल्याची ती करकर. तपासणारा हात तयार असेल तर मांडीचं किंवा नडगीचं मोडलेलं हाड फोटोवाचून कळतं, बसवताही येतं. मनगटातलं, खुब्याचं, मणक्याचं मोडलेलं मात्र हाताला फसवतं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. हेमलकशाच्या कथा सांगताना आपण पहिलीच सांगतो, कारण ती ऐकायला बरी वाटते. ज्याचं खुब्याचं हाड न दिसताच राहून गेलं, तो उरलेलं आयुष्य लंगडत जंगलात चालला असेल. त्याची कुणी कथा सांगितली नाही.

यापुढची गोष्ट गडचिरोलीची, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्सहून शिकून परतले आणि १९८६पासून गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं काम उभं राहू लागलं. लहान मुलं कशाने मरतात याचा शोध घेताना न्यूमोनिया वर आला. आयांना तो ठाऊक होता, गावात त्याला डब्बा म्हणत. पोर धापा टाकतं, बरगड्यांखाली खड्डा पडतो, दोन-तीन दिवसांत संपतं.

वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात न्यूमोनियाचा निर्णय छातीच्या फोटोवर होतो. पण धानोऱ्याच्या आडरानातल्या गावाहून आजारी तान्ह्याला गडचिरोलीला न्यायचं, दवाखान्यात रांग लावायची, रडणाऱ्या पोराला कॅसेटवर धरून ठेवायचं, हललं की पुन्हा काढायचा, फिल्म धुवायची, आणि ती वाचायला डॉक्टर शोधायचा. एवढं होईतो पोर हातचं जायचं. शिवाय न्यूमोनियाची सावली फोटोत उमटायला वेळ लागतो. सुरुवातीच्या तासांत फोटो साफ निघू शकतो. म्हणजे जो फोटो निर्वाळा देणार, तोच कधी कधी उशिरा जागा होतो.

पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९८४मध्ये मांडलं होतं, की मुलाचे मिनिटाला किती श्वास होतात ते मोजलं तरी न्यूमोनिया बऱ्यापैकी पकडता येतो. स्टेथोस्कोपचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे वयानुसार सीमा ठरवल्या: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ, वर्षाच्या आत पन्नास, वर्ष ते पाच वर्षं चाळीस. गडचिरोलीत अडचण वेगळीच निघाली. ज्या दाया गावात होत्या, ज्यांच्यावर गावाचा भरवसा होता, त्यांतल्या बहुतेकींना बारापुढे मोजता येत नव्हतं. घड्याळ वाचता येत नव्हतं.

मग बंगांनी श्वासमापक बनवला. लाकडी चौकटीत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. घड्याळ उलटं करायचं, पोराच्या पोटाकडे बघत राहायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्यासाठी एक ओळ, त्याहून मोठ्यासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. दाईला दहापर्यंत मोजता आलं की पुरे. पुढे को-ट्रायमोक्साझोलचं औषध, तेही तिच्याच हातून.

याचा निकाल १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. जिथे हे उपचार झाले त्या ५८ गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांतली ०.८ टक्के मुलं दगावली. तुलनेसाठी घेतलेल्या भागात १३.५ टक्के. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू एका बाजूला ८.१, दुसऱ्या बाजूला १७.५. पॅरामेडिकल कार्यकर्ते, गावातले आरोग्यदूत आणि दाया या तिघांच्याही हाती औषध यशस्वी ठरलं. छातीच्या फोटोची मोजपट्टी लावली असती तर यांतल्या काहींना न्यूमोनिया नव्हताच असंही निघालं असतं. थोडं औषध नाहक दिलं गेलं असेल. बंगांनी तो सौदा पत्करला. गमतीचा भाग असा, की पुढे न्यूमोनियाच्या लसी तपासायची वेळ आली तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने फोटोच पुन्हा पुढे आणला आणि तो कसा वाचायचा याचे काटेकोर नियम केले. लस किती काम करते हे मोजायला सावलीची शिस्त लागते. पोर वाचवायला ती लागत नाही. दोन्ही कामं न्यूमोनियाचीच, पण मोजमाप निराळं.

फोटोवाचून चालतं असं यातून कुणी काढू नये. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्यासारख्या काही तालुक्यांत भूगर्भातल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही त्याची वरची हद्द. वर्षानुवर्षं त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी प्यायलेल्या माणसाची पाठ ताठते, मान वळत नाही, सांधे धरतात. लोक वाताची तक्रार म्हणून सोडून देतात. मनगट ते कोपराचा एक साधा, स्वस्त फोटो काढा. हाताच्या दोन हाडांमधल्या पडद्यावर चुना जमून दातऱ्यासारखी कड दिसली, की निदान जवळजवळ पक्कं. मद्रास इलाख्यात नेल्लोरला १९३७मध्ये शॉर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा रोग भारतात प्रथम वर्णिला, तेव्हापासून साधा एक्स-रे इथे पुरतो. सीटी स्कॅनने फार भर पडत नाही. याच्या अगदी उलट सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासींत आणि इतर काही समाजांतही हा रक्तदोष आहे, आणि त्यात खुब्याच्या हाडाचा गोळा रक्ताअभावी मरतो. साध्या फोटोत तो बसका दिसतो तेव्हा मामला हाताबाहेर गेलेला असतो. सुरुवातीला तो दिसतो फक्त एमआरआयमध्ये. तिथे क्ष-किरणांचा संबंधच नाही, चुंबक आणि रेडिओलहरींचं काम. पण ‘मोठ्या मशीनचा फोटो’ म्हणून सीटी आणि एमआरआय यांची गावात सर्रास गल्लत होते. चिठ्ठी एकाची असते, पैसे दुसऱ्याचे जमवलेले असतात.

पाठदुखी हाही इथला मोठा आजार. धान रोवणीत दिवसभर कमरेत वाकलेल्या बाईला तो सांगायला लागत नाही. चातगावजवळ ‘सर्च’च्या शोधग्राममधल्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी येऊन मणक्याच्या शस्त्रक्रिया करू लागले. मणक्यात स्क्रू बसवताना चूक मिलिमीटरची असते आणि शेजारी मज्जारज्जू. तिथे सी-आर्म लागतो. इंग्रजी सी अक्षरासारखा वाकडा हात, एका टोकाला नळी, दुसऱ्या टोकाला पडदा, आणि टेबलावर झोपवलेल्या माणसाभोवती तो फिरतो. फिल्म नाही, पायाने कळ दाबली की हाड पडद्यावर तिथल्या तिथे दिसतं. खाणकामगाराच्या मोठ्या फिल्मइतकं रेखीव नाही, पण सर्जनला त्या घटकेला हवं तेवढं पुरेसं. या सोयीचा हप्ता डॉक्टर-नर्स भरतात, शिशाचा जड एप्रन अंगावर घालून.

साध्या फोटोची मूळ खोट मात्र कशानेच जात नाही. सागाच्या दाट रोपवनाकडे रस्त्यावरून पाहावं तशी छाती त्यात दिसते. पुढची-मागची खोडं एकमेकांत मिसळून एकच भिंत. हृदयामागचा डाग हृदयातच लपतो. यावर इलाज इंग्लंडच्या गॉडफ्रे हाउन्सफिल्डने केला, तोही ग्रामोफोनच्या तबकड्या विकणाऱ्या ईएमआय कंपनीत नोकरीला असताना. नळी माणसाभोवती फिरवायची, शेकडो कोनांतून किरण आरपार सोडायचे, प्रत्येक रेघेवर किती किरण अडले ते मोजायचं आणि संगणकाने आतल्या एकेका चकतीचं चित्र मांडायचं. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रोग्याचा मेंदू असा दिसला. १९७९मध्ये हाउन्सफिल्डला ॲलन कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं.

विदर्भात सीटी स्कॅन घरोघर कळला तो करोनात. २०२०-२१मध्ये तापापेक्षा ‘स्कोर किती?’ हा प्रश्न आधी यायचा. पंचवीसपैकी आकडा, आणि परीक्षेच्या उलट, कमी तितका बरा. सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने या सीटीचे, म्हणजे एचआरसीटीचे, दर बांधून दिले: सोळा स्लाइसखालच्या यंत्राला २००० रुपये, सोळा ते चौसष्टला २५००, त्यावर ३०००. दर बांधले तरी अंतर बांधता येत नव्हतं. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या वर. तिथल्या माणसाला नदी ओलांडून मंचेरियल-वरंगळ गाठणं सोपं. आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांना त्या स्कॅनची गरजही नव्हती. सौम्य आजारातही फुप्फुसात ठिपके दिसत आणि आपोआप विरत. बोटाला लावायचं हजार-पाचशेचं ऑक्सिमीटर उपचारासाठी जास्त उपयोगी होतं. दाईच्या मण्यांशी त्याचं नातं उघड आहे.

मे २०२१मध्ये एम्सचे डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे छातीचे तीन-चारशे एक्स-रे. क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना खवळली. आता कमी मात्रेचे स्कॅन निघालेत, ते पाच-दहा एक्स-रेइतकेच, असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्रांनी दोन्ही छापलं आणि वाचक गोंधळले. हिशेब तसा अवघड नाही. छातीच्या समोरून घेतलेल्या एका फोटोची मात्रा साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट, नेहमीच्या सीटीची सात. भागाकार केला की साडेतीनशे येतात. समोरून आणि बाजूने असे दोन फोटो धरले तर ०.१, आणि सीटी कमी मात्रेचा, एक मिलिसिव्हर्टचा घेतला तर भागाकार दहा. दोघंही खरं बोलत होते, फक्त छेद आणि अंश आपापल्या सोयीचे. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, हा तिसरा आकडा शेजारी ठेवला असता तर वाचकाला दोन्हींचं माप कळलं असतं. एकदाच्या, गरजेच्या स्कॅनला भिण्याचं कारण नव्हतं. आठवड्यात तीनदा स्कोर बघणाऱ्याला होतं.

दरम्यान छातीचा साधा फोटो क्षयाच्या कामात मागच्या दाराने परत आला होता. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत गाड्यांतून डिजिटल एक्स-रे फिरवले गेले, आणि आढळलं की फोटो काढला नसता तर सापडलेल्या रोग्यांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. त्यांना खोकला वगैरे नव्हता, किंवा त्यांनी तो सांगण्याजोगा मानला नव्हता. तुमकूरच्या रोग्यांना आपलं दुखणं ठाऊक होतं, यांना नव्हतं. बॅनर्जी-अँडरसन चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांनी दाराशी आलेल्यांचा प्रश्न सोडवला होता. दाराशी न येणाऱ्यांचा प्रश्न साठ वर्षांनी पुढ्यात आला, तोवर यंत्रही बदललं होतं. फिल्म गेली, डार्करूम गेली, बर्फ गेला. किरण आता पातळ पाटीवर पडतात आणि चित्र काही सेकंदांत लॅपटॉपवर येतं. हातात धरायची बॅटरीवरची यंत्रं निघाली. फुजीफिल्मचं एक्सएअर साडेतीन किलोचं. वीज लागते, पण ती रात्री चार्ज करून सकाळी मोटारसायकलवरून नेता येते. वाचणारा डॉक्टर नसला तर संगणकाचा प्रोग्रॅम डाग दाखवतो. मुंबईची क्युअर डॉट एआय असे प्रोग्रॅम बनवते, आणि २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरच्यांच्या क्षय-चाळणीसाठी अशा वाचनाला मान्यता दिली. ७ डिसेंबर २०२४ला केंद्राने ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची क्षयमोहीम काढली, तिच्यातही हा हातातला एक्स-रे वापरायला काढला होता.

येरुशाल्मीचा आक्षेप या यंत्रालाही लागू आहे. डाग कसला हे ते सांगत नाही, कुणाची थुंकी आधी तपासायची एवढंच सांगतं. पूर्वीच्या काचेऐवजी आता जंतूची जनुकं शोधणारी चाचणी होते. तिचं यंत्र भरवशाची वीज असलेल्या ठिकाणी ठेवतात, आणि नमुना घट्ट झाकणाच्या डबीत, शीतपेटीतून तिथवर पोचवावा लागतो. फोटो पाड्यावर पाच मिनिटांत निघतो. डबीला जाऊन परत निरोप यायला किती दिवस लागतात, ते भामरागडला पर्लकोटेला पूर आहे की नाही त्यावर असतं.